दोन दरांमधली फट : येवल्याच्या चौफुलीवरून दिसणारा इंधनाचा इतिहास

येवला म्हटले की मराठी वाचकाला तीन गोष्टी आठवतात. एक पैठणी, दुसरी म्हणजे तात्या टोपे यांचे जन्मगाव ही ओळख, आणि तिसरी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील परिषदेत केलेली धर्मांतराची घोषणा. या तिन्हींविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला आज लिहायचे आहे ते एका चौथ्या आणि दिसायला अगदीच सामान्य गोष्टीविषयी, ती म्हणजे गावातील विंचूर चौफुली.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे जाणारा रस्ता आणि मनमाडहून कोपरगाव-शिर्डीमार्गे अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे जाणारा रस्ता या चौफुलीवर एकमेकांना छेदतात. अर्धा तास येथे उभे राहिले तरी तालुक्याचे सगळे अर्थकारण डोळ्यांसमोरून जाते. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर, शिर्डीला निघालेल्या मोटारी, दाटीवाटीने भरलेली काळी-पिवळी, एसटी, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली. आणि या सर्वांच्या मधून मनमाडजवळच्या पानेवाडी येथील डेपोतून भरून निघालेले पेट्रोल-डिझेलचे टँकर. ज्यावर हे सगळे चालते ते इंधन आणि ते जाळणारी माणसे येथे एकाच रस्त्यावर भेटतात.

इंधन महागले की माणसे काय करतात, असा प्रश्न विचारला तर सहज उत्तर मिळते : गाडी कमी चालवतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील मागणीचा नियमही तेच सांगतो. आम्हांला मात्र या चौफुलीचा इतिहास चाळताना वेगळेच काही दिसले. येवल्यासारख्या गावात बहुतेक फेऱ्या हौसेच्या नसतात. दूध डेअरीवर पोहोचवावे लागते, कांदा बाजार समितीत न्यावा लागतो, आजाऱ्याला नाशिकला दाखवावे लागते. दर वाढला म्हणून या फेऱ्या टळत नाहीत. माणसाचे वागणे खरोखर पालटते ते दोन दरांमध्ये फट पडली म्हणजे. एक इंधन महाग आणि दुसरे स्वस्त, एका गिऱ्हाइकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा, या राज्यात एक कर आणि शेजारच्या राज्यात दुसरा. या फटीतून वाट काढण्यासाठी माणसे काय काय करतात, आणि ती फट पुरेशी रुंद झाली तर कोणत्या थराला जातात, हा या लेखाचा विषय आहे.

कडब्यापासून पेट्रोलपर्यंत

इंधनाची महागाई मोटारीसोबत आली, असे आपण समजतो. ते खरे नाही. बैलगाडीचे इंधन म्हणजे कडबा. दुष्काळात धान्याच्या आधी चारा संपे, बैल विकावे लागत, आणि ज्या काळात दूरवरून धान्य आणण्याची सर्वांत अधिक गरज असे, नेमक्या त्याच काळात गाड्या थांबत. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ या काळात पडलेल्या भीषण दुष्काळात हेच घडले. येवल्यावरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. चाऱ्याच्या भावावर अवलंबून नसलेले वाहन प्रथमच या गावाच्या वेशीवर आले.

मोटारी आल्या आणि चाऱ्याची जागा पेट्रोलने घेतली. परंतु ते परदेशातून येणार आणि त्याच्यावरील ताबा सरकारकडे राहणार, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे समोर आली. पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, आणि खासगी मोटारवाल्यांनी गाडीच्या मागे लोखंडी भट्ट्या बसवून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या. त्या काळातील वृद्ध मंडळी सांगत की, गाडी निघण्यापूर्वी भट्टी फुंकून पेटवावी लागे आणि चढ आला की उतारू खाली उतरत. पेट्रोल मिळत नाही म्हणून गाडी उभी करून न ठेवता माणसाने गाडीलाच कोळसा खायला शिकवले. पुढे घडणाऱ्या पुष्कळ गोष्टींचे मूळ या वागण्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि हळूहळू एसटी खेडोपाडी पोहोचली. पुढची सुमारे पंचवीस वर्षे सामान्य माणसाचा इंधनाशी संबंध आला तो मुख्यतः तिकिटाच्या आणि रॉकेलच्या रूपाने. पेट्रोलचा भाव हा डॉक्टर, वकील आणि बागायतदार यांच्या बोलण्याचा विषय होता.

१९७३ : दिल्लीची बैलगाडी आणि नगरची लुना

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले, अरब तेल उत्पादक देशांनी पुरवठा आखडला, आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेले खनिज तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेले. भारतात पेट्रोलच्या दरात मोठी वाढ झाली. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. आयुष्यभर बैलगाडीत बसलेल्या येवल्याच्या शेतकऱ्याला त्या दृश्याचे काय वाटले असेल, याचे आम्हांला नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

त्या संकटाचे खरे उत्तर मात्र निषेधातून आले नाही, ते बाजारातून आले. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना ही ५० सीसीची मोपेड बाजारात आणली होती, आणि या कंपनीचा कारखाना होता आमच्या शेजारच्या अहमदनगरात. लुनेला पायडल होते. पेट्रोल संपले तर सायकलीप्रमाणे पाय मारत घरी जाता येई. शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन, दूधवाले यांच्या हाती आलेले हे पहिले स्वयंचलित वाहन. पेट्रोल महागले आणि त्याच सुमारास पेट्रोल वापरणाऱ्यांची संख्या वाढू लागली, हा विरोधाभास लुना समजून घेतल्याशिवाय उलगडत नाही. लिटरचा भाव वाढला होता, पण लुनेमुळे एका कोसाचा खर्च आटोक्यात आला होता.

१९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक इंजिनाची सीडी १०० आली आणि हाच हिशेब पुढे गेला. तेव्हापासून मराठी ग्रामीण भागात नव्या मोटारसायकलीची चौकशी एकाच प्रश्नाने होते : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ वेग, रंग, रूप हे सगळे नंतर. इंधनाच्या दराने आपल्या भाषेत रुजवलेला हा शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ ‘सरासरी’. आपल्याकडे तो वाहनाच्या चारित्र्याचा दाखला झाला.

मध्यरात्रीच्या रांगा आणि शंभराची नोट

एप्रिल २००२ पर्यंत देशात इंधनाचे दर सरकारी प्रशासित पद्धतीने ठरत. ती पद्धत कागदोपत्री संपल्यानंतरही दर केव्हा आणि किती बदलायचे हे दिल्लीच ठरवीत असे. वाढ क्वचित होई, परंतु एकदम होई, आणि ती मध्यरात्रीपासून लागू होई. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना संध्याकाळच्या बातम्यांनंतर पंपावर लागणाऱ्या रांगा आठवत असतील. आम्हीही अशा रांगेत उभे राहिलो आहोत. मोटारसायकलीच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल मावते. लिटरला तीन रुपये वाढणार असतील तर वाचणार तीस रुपये. त्यासाठी दीड तास रांगेत, गाडी ढकलत. रांगेतील प्रत्येकाला हा हिशेब येत होता, तरी कोणी घरी जात नव्हते. आजचा दर आणि उद्याचा दर यांच्यात रात्रीपुरती एक फट पडली होती, आणि ती आपल्या हातून निसटू नये एवढीच प्रत्येकाची धडपड होती.

१६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलू लागले. कधी ९ पैसे, कधी २५ पैसे. त्या रांगा संपल्या. दरवाढ मात्र संपली नाही. तिच्यासाठी रांग लावण्याजोगा क्षण तेवढा संपला.

याच्या जोडीला एक दुसरी सवय आहे. गावाकडे पंपावर फार थोडी माणसे लिटरमध्ये बोलतात. ‘शंभरचं टाक,’ असे म्हणण्याची रीत आहे. २००४-०५ च्या सुमारास शंभर रुपयांत दोन लिटरहून अधिक पेट्रोल येई. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि शंभराच्या नोटेत एक लिटरही येईनासे झाले. नोट तीच, शब्द तेच, फक्त टाकीत पडणारे पेट्रोल कमी. हाती येणारा पैसा रोजचा आणि बेताचा असलेल्या माणसाने स्वतःला घालून घेतलेली ही शिस्त आहे. दर वाढला तरी पंपावर जाणारी रक्कम तीच ठेवायची, आणि मग टाकी लवकर रिकामी झाली की हवी ती फेरी दुसऱ्याच्या गाडीवरून, किंवा काळी-पिवळीतून करायची. काही दिवसांनी ‘शंभर’चे ‘दोनशे’ होतात, आणि तो जास्तीचा शंभर घरखर्चातील दुसऱ्या कशातून तरी आलेला असतो.

काळी-पिवळीवाल्याची रीतही सांगण्यासारखी आहे. डिझेल पैशापैशाने वाढते, पण सुट्या पैशांच्या अडचणीमुळे सीटचे भाडे पाच-दहा रुपयांच्या टप्प्यानेच वाढवता येते. या दोन टप्प्यांच्या मधले महिने तो दोन सीट जास्त बसवून काढतो. दरवाढ अशा वेळी प्रवाशाच्या खिशातून जात नाही. ती त्याच्या गुडघ्यांना सोसावी लागते.

पैठणी आणि कांदा

येवल्याची दोन उत्पादने शेजारी शेजारी ठेवली तर इंधनाच्या दराचा भार कोणावर किती पडतो हे नीट दिसते.

पैठणीसाठी रेशीम बंगळूरहून येते आणि जर सुरतेहून. शेकडो किलोमीटरचा हा प्रवास आहे. तरी तयार झालेली पैठणी वजनाला हलकी आणि मोलाला भारी असते. एका पैठणीची किंमत हजारो रुपयांत जाते. तिच्यातील रेशमाच्या आणि जरीच्या वाहतुकीचा वाटा नगण्य. हातमागाला डिझेल लागत नाही. शिर्डीहून परतताना पैठणी घ्यायला येवल्यात वळलेले कुटुंब पेट्रोल पाच रुपयांनी वाढले म्हणून माघारी फिरत नाही. पैठणीच्या विणकराच्या अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्या मजुरीच्या, यंत्रमागाच्या नकलेच्या आणि दलालीच्या आहेत. डिझेलच्या फारशा नाहीत.

कांद्याचे याच्या अगदी उलट. वजन प्रचंड, मोल अनिश्चित, आणि शेतापासून बाजारापर्यंतचे भाडे शेतकऱ्याच्या माथी. येवला, अंदरसूल किंवा लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर किंवा पिकअप उभी राहिली म्हणजे मालाचा भाव कळण्याआधीच भाडे देणे झालेले असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून, वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता, अवघ्या दोन रुपयांचा धनादेश हाती आला. ती बातमी देशभर गाजली. पुष्कळांनी ती कांद्याच्या भावाची बातमी म्हणून वाचली, आणि ती तशी होतीच. पण ती भाड्याचीही होती. कांद्याचा भाव किलोला एक रुपयावर येऊ शकतो, डिझेलचा भाव तसा कोसळत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत शेतकऱ्याचे वर्ष असते. त्याने यावर काढलेले उपाय सर्वांना ठाऊक आहेत. दोघा-तिघांनी मिळून एक गाडी करायची, माल चाळीत थांबवून ठेवायचा, आणि भाव भाड्याच्याही खाली गेला तर कांदा शेतातच नांगरून टाकायचा. यातील शेवटचा उपाय दुष्काळाइतकाच कठोर आहे.

फट ओळखणारे लोक

आता मूळ मुद्द्याकडे. जून २०१० च्या अखेरीस केंद्र सरकारने पेट्रोलचा दर नियंत्रणमुक्त केला, डिझेलचा मात्र आपल्या हाती ठेवला. हेतू असा की शेतकरी, ट्रक आणि एसटी यांना झळ पोहोचू नये. पेट्रोल चढत गेले, डिझेल मागे राहिले, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात दोहोंत लिटरमागे ३० रुपयांच्या आसपास अंतर पडले. या अंतराचा लाभ शेतकऱ्याआधी मोटार घेणाऱ्याने घेतला. विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होऊ लागल्या. शेतकऱ्यासाठी राखलेले स्वस्त डिझेल नाशिक-पुण्याच्या रस्त्यांवर आलिशान गाड्यांत जळू लागले. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढवण्यात आले, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले, फट मिटत गेली, आणि डिझेलच्या मोटारींचा तो बहर ओसरला. एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीने डिझेलच्या मोटारी बनवणे बंद केले. दहा वर्षांत एक अख्खी बाजारपेठ आली आणि गेली. त्या काळात पेट्रोल आणि डिझेल दोन्ही महागच होत होते. बदलले ते त्यांच्यामधील अंतर.

ही चतुराई केवळ व्यक्तींचीच असते असेही नाही. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक खरेदीदारांना डिझेल बाजारभावाने घेण्याची सक्ती झाली आणि पंपावरील किरकोळ दर मात्र कमी राहिला. एसटी ही घाऊक खरेदीदार. मग काय झाले? स्वतःच्या आगारात डिझेलच्या टाक्या असताना सरकारी मालकीच्या या महामंडळाच्या गाड्या रस्त्यावरील पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या. मार्च २०२२ मध्ये घाऊक दर लिटरमागे एकदम २५ रुपयांनी वाढला तेव्हा पुन्हा तेच घडले. एकाच सरकारच्या दोन दरांमधून दुसऱ्या सरकारी संस्थेने वाट काढली. यात बेकायदेशीर काही नव्हते. फट होती, तिच्यातून जाणे भाग होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्कात पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांची कपात केली. शेजारच्या गुजरातने त्यावर आपलाही कर घटवला, महाराष्ट्राने तेव्हा घटवला नाही. परिणामी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील माणसांना पलीकडच्या पंपावर पेट्रोल बरेच स्वस्त मिळू लागले, आणि सीमेकडे जाणारी वाहने टाकी तिकडेच भरू लागली. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवले तेव्हा ते अंतर थोडे कमी झाले.

येवल्याला ही सोय नव्हती. येथून कोणतीही परराज्याची सीमा जवळ नाही. जवळ आहे तो पानेवाडीचा डेपो. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेली तेलवाहिनी घाट चढून मनमाडपर्यंत येते, आणि पुढे इंदूरजवळच्या मांगलियाकडे व दिल्लीच्या दिशेने जाते. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाला येथूनच टँकरने पुरवठा होतो. २०२१ मध्ये परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महाग का, असा प्रश्न वर्तमानपत्रांनी विचारला, तेव्हा उत्तर मिळाले की तेथील तेल तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मनमाडहून येते. तेल वाहून नेण्यासाठी जे तेल जळते त्याचाही पैसा तेल घेणाऱ्यालाच द्यावा लागतो. नाशिकपासून परभणीपर्यंतचा ग्राहक या एका डेपोवर किती विसंबून आहे, ते जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत कळले. अपघाताविषयीच्या नव्या कायद्याच्या निषेधार्थ टँकरचालकांनी काम थांबवले आणि पंपांवर रांगा लागल्या. दर एका पैशानेही वाढला नव्हता.

रॉकेल

या डेपोचे नाव मात्र देशाला कळले ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

रॉकेल हे गरिबाचे इंधन. स्टोव्ह, कंदील, चिमणी यांसाठी शिधापत्रिकेवर ते स्वस्त मिळे. ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिलेला असे. २०११ च्या आरंभी रेशनचे रॉकेल लिटरला साधारण १३ रुपयांना होते, डिझेल ४० रुपयांच्या आसपास आणि पेट्रोल ६० च्या वर. रॉकेल डिझेलमध्ये मिसळले तर इंजिन लगेच बंद पडत नाही. ते हळूहळू झिजते, धूर वाढतो. म्हणजे लिटरमागे २७ रुपयांची फट, आणि तिच्यात शिरणाऱ्याला लगेच पकडले जाण्याचे भय नाही. १२ हजार लिटरच्या टँकरमध्ये पाचवा हिस्सा रॉकेल घातले तर २४०० लिटरांवर सुमारे ६५ हजार रुपये सुटतात, आणि तेही एका खेपेत. ज्या परिसरातून रोज असे असंख्य टँकर भरून निघतात, तेथे ढाब्यांच्या आडोशाला काय चालत असेल याची कल्पना रस्त्यावरील प्रत्येकाला होती.

२५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळून नांदगावच्या दिशेने जात होते. वाटेत त्यांना ढाब्यापाशी टँकर उभे दिसले. त्यांनी थांबून चौकशी सुरू केली. तेथील टोळीने त्यांना भरदिवसा जिवंत जाळले. दोन दिवसांनी राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला. ठिकठिकाणी छापे पडले. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे मंजुनाथ षण्मुगम या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याचा भेसळीविरुद्ध कारवाई केल्यामुळे खून झाला होता. दोन टोकांचे दोन प्रांत, पण कारण एकच.

खून माणसांनी केला, दराने नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे नोंदवतो. दरांतील अंतर हे कोणाच्याही अपराधाचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु २७ रुपयांची फट नसती तर त्या ढाब्यापाशी टँकर उभे राहिले नसते, हेही तितकेच खरे आहे. छापे, रंग, रासायनिक खुणा हे सगळे उपाय फटीच्या तोंडाशी पहारा ठेवण्याचे होते. पहारेकरी एकटा होता आणि फट रोज पैसे देत होती.

मग फट मिटली. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर दरमहा २५ पैशांनी वाढवत नेण्यात आला, कोटा घटवण्यात आला, आणि २०२० नंतर अनुदान उरले नाही. भेसळीचे ते अर्थशास्त्रच कोसळले. परंतु त्याचबरोबर ज्या घरात गॅसचे सिलिंडर परवडत नव्हते त्या घरचे स्वस्त रॉकेलही गेले. आमच्या लहानपणी रेशन दुकानापुढे प्लॅस्टिकचे कॅन ओळीने ठेवलेले असत, माणसांऐवजी कॅनच रांगेत उभे असत. ते कॅन आता दिसत नाहीत. चोराची वाट बंद करण्यासाठी बांधलेल्या भिंतीने घरमालकाचेही दार बुजवले, असे काहीसे हे झाले.

फट कोणासाठी?

येथवर वाचून असे वाटेल की, दोन दर ठेवणे हेच वाईट. आम्हांला तसे म्हणायचे नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. हीही दोन दरांमधली फटच आहे. येवल्याच्या स्थानकावर आठवडे बाजाराच्या दिवशी उतरणाऱ्या बायका पाहिल्या की, या फटीने कोणाचा रस्ता मोकळा केला ते दिसते. नवऱ्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल आहे की नाही यावर ज्यांचे माहेरी जाणे अवलंबून होते, त्या स्वतःच्या बळावर निघू लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी अर्धे तिकीट हे अर्धेच राहिले. या सवलतीत आणि रॉकेलच्या सवलतीत एक मोठा फरक आहे. अर्धे तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही, टँकरमध्ये मिसळता येत नाही. ते ज्याचे त्यालाच वापरावे लागते.

आणखी एका फटीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, कारण ती ग्राहकाच्या वाट्याला येतच नाही. जगातील तेलाचा दर आणि पंपावरील दर यांच्यातील ती फट. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात खनिज तेल कोसळत असताना उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. त्यानंतर पंधरवड्यातच, मे महिन्यात, आपल्याकडे पेट्रोलवरील शुल्क १० आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढले. तेल महागले की दर चढतात, स्वस्त झाले की कर चढतो, आणि पंपावरचा आकडा फारसा हलत नाही. ही फट सरकारने स्वतःच वापरली. रस्ते आणि योजना याच पैशातून होतात हे मान्य. पण कांद्याचे भाडे देणाऱ्या शेतकऱ्याला स्वस्त तेलाचे ते महिने कधी दिसलेच नाहीत, हेही लिहून ठेवले पाहिजे.

म्हणून इंधनाचे दर हा विषय निघाला की, आम्ही आता ‘किती वाढले’ याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारतो. हा दर आणि त्याच्या शेजारचा दर यांत अंतर किती? आणि त्या अंतरात कोण उभा आहे : अर्धे तिकीट काढणारी बाई, डिझेलची मोटार घेणारा बागायतदार, की ढाब्यामागे टँकर लावणारी टोळी? आकडा पंपाच्या फलकावर लिहिलेला असतो. या प्रश्नांची उत्तरे मात्र चौफुलीवर उभे राहूनच शोधावी लागतात, आणि सोनवणे यांच्यासारख्या एखाद्या अधिकाऱ्याने ती शोधायला गाडी थांबवली तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील, याचीही तजवीज आधीच करून ठेवावी लागते.